मधल्या खोलीतली बाई

गजाधरबाबूंच्या बायकोला कथेत नाव नाही. उषा प्रियंवदा यांची 'वापसी' ही १९६० सालची कथा. मी अकोल्यात पदवीच्या मुलांना हिंदी शिकवते, त्यामुळे गजाधरबाबूंचं घर माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. थोरला अमर, धाकटा नरेंद्र, शिकणारी बसंती, सगळ्यांना नावं आहेत. रेल्वेच्या क्वार्टरवर सकाळी भरपूर साखर आणि साय घातलेला चहा आणून देणाऱ्या गणेशीलासुद्धा नाव आहे. बायको मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत 'पत्नी'.

आपल्याकडच्या कथा-कादंबऱ्यांतल्या पिढ्यांच्या भांडणाचा विषय निघाला की दोनच माणसं समोरासमोर उभी केली जातात. बाप आणि मुलगा, फार तर सासू आणि सून. मग कोणाचं बरोबर, काळ बदलला तो कोणाच्या लक्षात आला नाही, यावर पानंच्या पानं. या दोघांच्या मध्ये एक बाई असते, बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या दारात, आणि निम्मं भांडण तिच्याच तोंडून इकडचं तिकडे जात असतं. तिच्या बाजूला जाऊन बसलं की याच गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. हे मला वर्गात शिकवताना जाणवत गेलं आणि घरात जास्त जाणवलं.

आधी 'वापसी'. गजाधरबाबू पस्तीस वर्षं रेल्वेत काढून निवृत्त होतात. मुलांची शिक्षणं नीट व्हावीत म्हणून बायको-मुलं शहरात बांधलेल्या घरी आणि हे कुठल्या ना कुठल्या लहान स्टेशनवर एकटे, असा त्यांचा बराच काळ गेलेला. आता आपल्या माणसांत राहायचं, या आनंदात ते घरी येतात. घरात त्यांना जागाच नाही. पाहुण्यासाठी करावी तशी तात्पुरती सोय म्हणून बैठकीतल्या खुर्च्या सरकवून त्यांची खाट टाकली जाते. ते खर्चाला आळा घालायला जातात, नोकराला काढून टाकतात, बसंतीला स्वयंपाकाला लावतात, शेजारच्या घरी जाऊ नको म्हणून तिला सांगतात. एकेक जण फुगून बसतो. एके सकाळी फिरून येतात तर बैठकीतून खाट गायब. बायकोच्या कोठीत डोकावतात तर ती तिथे, लोणच्याच्या बरण्या, रजया आणि डबे यांच्या मध्ये. शेवटी ते साखर कारखान्यात नोकरी धरतात. बायकोला चल म्हणतात. ती म्हणते, मी आले तर इथलं कसं व्हायचं? ते एकटेच जातात. त्यांची पाठ वळते न वळते तोच घरात सिनेमाला जायचं ठरतं. बायको उरलेल्या मठऱ्या डब्यात भरून आपल्या कोठीत ठेवून येते आणि नरेंद्रला सांगते, बाबूजींची खाट खोलीतून काढ, चालायलासुद्धा जागा नाही.

हे वाक्य वाचून झालं की वर्ग गप्प होतो. नंतर जो शेरा येतो तो ठरलेला असतो: किती निष्ठुर बाई! बाजारातल्या गाइडांतही तेच लिहिलेलं असतं, मुलं परीक्षेत तेच लिहितात आणि मार्क मिळवतात. गेल्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी, बार्शीटाकळीकडून एसटीने येणारी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, पण ती खोली तर तिचीच होती ना?"

होती. उषा प्रियंवदांनी ते लपवलेलं नाही. बैठकीत बाबूजींना अडचण झाली, मुलांना बाबूजींची अडचण झाली, म्हणून खाट हलवली ती त्या घरात जिला विचारण्याची पद्धत नव्हती तिच्या कोठीत. त्या कोठीतून तिने वर्षानुवर्षं ते घर चालवलं. डाळ-तांदूळ कधी संपतात, तूप कोणाच्या पानात किती जातं, बसंतीच्या लग्नाचं कसं करायचं, हे सगळं तिथून. नवऱ्याला ती तुपा-साखरेच्या डब्यांत बुडालेली दिसते. आणि याच कथेत त्याला तिची जुनी आठवण येते: तो ड्यूटीवरून परत येईपर्यंत भर उन्हाळ्यात दुपारी दोनपर्यंत ती चूल पेटती ठेवायची आणि आला की गरम पोळ्या करून वाढायची. म्हणजे चुलीशी आणि डब्यांशी तिचं नातं तेव्हाही तेच होतं. तेव्हा त्या पोळ्या त्याच्या पानात पडत होत्या, एवढाच फरक.

गजाधरबाबूंचं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. ती कथा वाचताना माझाही जीव तुटतो. पण त्यांच्या दुःखाला एक अख्खी कथा मिळाली आणि तिला शेवटची दोन वाक्यं मिळाली. त्या दोन वाक्यांवरून आपण तिचा निकाल लावून मोकळे होतो.

आता घरचं सांगते. आमच्याकडे सध्या वावरावरून चाललं आहे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. वावर पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तिथे जमिनीखालचं पाणी खारं आहे, पिकाला देता येत नाही, माणसाला पिता येत नाही. त्यामुळे सगळी भिस्त पावसावर. कपाशी, तूर, पाऊस जरा मागे लांबला तर हरभरा. मामाजींनी उभं आयुष्य ती काळी माती उलथी-पालथी केली. गुडघे गेले तेव्हा वावर मक्त्याने दिलं, तरी दर पेरणीला रिक्षा करून धुऱ्यापर्यंत जातात आणि उभ्या उभ्या पाहून येतात. माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याला फ्लॅट घ्यायचा आहे. हप्ता झेपायचा तर सुरुवातीची रक्कम मोठी भरावी लागते, आणि ती वावरातूनच निघू शकते असं त्याचं गणित आहे. गणित म्हणून ते चुकीचं नाही.

हे गणित तो आजोबांना सांगत नाही. फोन मला करतो. "आई, तू आबाजींशी बोल ना. तुझं ऐकतात ते." मी ताक घुसळत असते तेव्हा मामाजी दारात येऊन उभे राहतात. "सूनबाई, सांग तुह्या पोराले. वावर इकाचं नावबी काढू नको म्हणा." दोघांचं एकमेकांशी फोनवर बोलणं होतं तेव्हा पाऊस, क्रिकेट आणि तब्येत. यांची नोकरी बाहेरगावी, आठवड्याने येतात, थकून येतात. त्यामुळे जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत. मी एकाचा शब्द दुसऱ्याकडे नेताना त्याची धार काढते. मुलगा म्हणाला, "त्या मातीत काय ठेवलंय?" मी मामाजींना सांगितलं, "त्याला तुमच्या मेहनतीची किंमत आहे, पण अडचण आहे हो." मामाजी म्हणाले ते मी इथे लिहू शकत नाही. मुलाला मी सांगितलं, "विचार करते म्हणाले."

आणि इतक्या महिन्यांत दोघांपैकी कोणीही मला विचारलेलं नाही की तुला काय वाटतं.

म्हणून धनिया मला फार जवळची वाटते. प्रेमचंदांचं 'गोदान' १९३६ चं. होरी आणि गोबर ही हिंदी कादंबरीतली बाप-लेकाची सर्वांत गाजलेली जोडी, आणि धनिया ही होरीची बायको, गोबरची आई. होरी अब्रू आणि धर्म सांभाळत कर्जात रुतत जातो. गोबर लखनऊला जाऊन कमावतो, जग बघतो आणि परत येऊन सावकारासमोर एक रुपया शेकडा व्याजाचा सरळ हिशोब मांडतो. होरीला ब्राह्मणाचा पैसा बुडवण्याची कल्पनाही सोसत नाही. परीक्षेत प्रश्न येतो तो यावरच: होरी आणि गोबर यांच्यातील संघर्षातून दोन पिढ्यांचे चित्रण स्पष्ट करा.

या दोघांच्या मधे काय घडलं ते बघा. गोबर झुनियाला, जिच्याशी त्याचं लग्न झालेलं नाही अशा विधवा मुलीला, दिवस गेलेल्या अवस्थेत घरापर्यंत आणतो आणि स्वतः तोंड लपवून पळून जातो. मुलाने केलेलं निस्तरायला मागे राहते आई. धनिया आधी संतापते, तणतणत शेतावर होरीकडे जाते. आणि घरी परत येता येता, त्या काळोख्या वाटेवर, तिचाच राग उतरत जातो. पोरीवर हात उगारायचा नाही, असं ती होरीलाच बजावते. झुनिया घरात राहते. पंचायत दंड ठोठावते, शंभर रुपये रोख आणि तीस मण धान्य. होरी मान खाली घालून खळ्यावरचं धान्य पंचांच्या घरी वाहून टाकतो. धनिया भर गावासमोर पंचांना सुनावते. त्या कादंबरीत गावाविरुद्ध उभं राहण्याची हिंमत पहिल्यांदा कोणी दाखवली असेल तर तिने, शहरातून शिकून आलेल्या गोबरने नव्हे.

पुढे गोबर परत येतो, घरात खटके उडतात, आणि तो झुनियाला आणि लेकराला घेऊन निघतो तेव्हा आईच्या पाया पडायलाही तयार होत नाही. ज्या आईने त्याच्या बायकोसाठी अख्खं गाव अंगावर घेतलं, तिच्या. मला वर्गात हा भाग मोठ्याने वाचता येत नाही, आवाज फुटतो. होरी पुत्राच्या बंडाने खचतो हे सगळे लिहितात. धनियाचं काय झालं असेल, यावर कोणी प्रश्न काढत नाही. शेवटी होरी मरायला टेकतो तेव्हा सुतळी विकून आलेले वीस आणे तीच आणते, नवऱ्याच्या थंड हातावर ठेवते आणि समोरच्या भटजीला सांगते. घरात गाय नाही, वासरू नाही, हेच यांचं गोदान. एवढं करून ती बेशुद्ध पडते आणि कादंबरी संपते. पुस्तकाचं नाव ज्या कृतीवरून आहे ती कृती तिची आहे.

मराठीत यायचं तर आनंद यादवांची 'झोंबी'. १९८७ मध्ये आली, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. आत्मचरित्रात्मक कादंबरी, म्हणजे घडलेलंच. सीबीएसईच्या बारावीच्या हिंदी पुस्तकात 'जूझ' नावाने तिचा एक तुकडा आहे, त्यामुळे उत्तरेकडच्या मुलांनाही कागलचा आनंदा माहीत झाला. बापाला वाटतं पोराने शेतात राबावं, पोराला शाळेत जायचं आहे. भांडण स्वच्छ आहे आणि वाचणारा पहिल्या पानापासून पोराच्या बाजूने असतो.

मला त्यात विलक्षण वाटते ती आई. ती शेण्या थापते आहे, आनंदा बादलीतलं पाणी तिला देत जवळ घुटमळतो आहे, आणि हीच वेळ बरी म्हणून शाळेचा विषय काढतो. ती लगेच काही आश्वासन देत नाही. शाळेचं नाव काढलं की तुझा बाप रानडुकरासारखा गुरगुरतो हे तिला माहीत आहे, आणि त्या गुरगुरण्याचा पहिला मारा तिच्यावर होणार हेही. तरी रात्री ती मुलाला घेऊन दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर जाते. तिथे सगळं सांगते. आपला नवरा स्वतः गावात हिंडायला मोकळा राहावा म्हणून पोराला शेताला जुंपतो, हेसुद्धा. परक्या, वजनदार माणसापुढे नवऱ्याचं हे उघडं करणं त्या काळातल्या, त्या घरातल्या बाईला काय पडलं असेल! आणि निघताना विनवते, आम्ही इथे येऊन गेलो हे त्यांना कळू देऊ नका.

देसाई बापाला बोलावून झापतात. बाप कबूल होतो, अटी घालून. सकाळी अकरापर्यंत शेतात पाणी पाजायचं, तिथूनच शाळेत जायचं, सुटल्यावर तासभर ढोरं चारायची, काम जास्त असेल त्या दिवशी शाळा नाही. आनंदा सगळ्याला हो म्हणतो. पुढे तो मास्तरांकडून कविता शिकतो, म्हशीच्या पाठीवर काडीने ओळी लिहितो, मोठा लेखक होतो. बापाविरुद्धची ती लढाई पोराने जिंकली असं आपण म्हणतो. ती त्या रात्री देसायांच्या वाड्याच्या वाटेवर जिंकली गेली, आणि चालणारी दोघं होती.

आमच्या आत्याबाई, माझ्या सासूबाई, अशाच होत्या. यांना इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि मामाजींना एक तरी पोरगा वावरात हवा होता. वर्षभर घरात अबोला होता म्हणे. आत्याबाईंनी गळ्यातली एकदाणी मोडली आणि फी भरली. मामाजींना सांगितलं, माझ्या भावाने दिले. मला हे त्यांनी शेवटच्या आजारपणात सांगितलं, तेही मी त्यांच्या गळ्याला तेल लावत होते तेव्हा, सहज. मी विचारलं, मामाजींना कधी कळलं नाही? त्या म्हणाल्या, "कळलं अशीन. इचारलं नाही त्यायनं." मामाजींनी विचारलं नाही, यांना तर आजही पूर्ण माहीत नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या काळात आमच्या भागात कितीतरी बायकांची नावं सातबाऱ्यावर चढली. आत्याबाईंचं चढलं नाही.

भीष्म साहनींची 'चीफ की दावत' शिकवायला घेते तेव्हा ती एकदाणी माझ्या डोळ्यांसमोर असते. शामनाथच्या घरी साहेब जेवायला येणार आहे आणि नवरा-बायकोपुढे प्रश्न आहे, म्हाताऱ्या आईला ठेवायचं कुठे. ती झोपली की घोरते. व्हरांड्यात खुर्चीवर बस, झोपू नको, पाय वर घेऊन बसू नको. हातात बांगड्या घाल. ती म्हणते, दागिने तर तुझ्या शिक्षणात गेले. आणि मुलगा उसळतो. त्याला ते वाक्य सहन होत नाही, कारण ते खरं आहे. साहनींनी एका ओळीत केवढं घर उघडं केलं आहे! रात्री पाहुणे व्हरांड्यात येतात तेव्हा आई खुर्चीतच झोपलेली असते. पुढे साहेबाला तिची फुलकारी आवडते आणि मुलगा परस्पर कबूल करतो की आई नवीन करून देईल. तिला नीट दिसत नाही. ती हरिद्वारला पाठव म्हणून रडते. मग कळतं की फुलकारी मिळाली तर साहेब खूश होईल, मुलाला बढती मिळेल, आणि ती तयार होते.

विद्यार्थी म्हणतात ही मातेची ममता. मी त्यांना तिथे थांबवते. ती ममता आहेच, पण ज्या घरात तिच्यासाठी खुर्चीभर जागाही अटींवर आहे, तिथे पुन्हा कामाला येणं हाच तिला राहण्याचा मार्ग उरला आहे, हेही दिसायला हवं. ममता म्हटलं की शामनाथ सुटतो, आणि आपणही.

'नटसम्राट'बद्दल मराठी वाचकाला मी काय सांगणार. डिसेंबर १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी पहिला प्रयोग केला तेव्हापासून गणपतराव बेलवलकर आपल्या घरातलेच आहेत. सगळं मुलांना वाटून टाकणाऱ्या, मग मुलाच्या घरी, मुलीच्या घरी आणि शेवटी रस्त्यावर पोचणाऱ्या त्या माणसाची स्वगतं पाठ असलेले लोक मी पाहिले आहेत. कावेरीचं एक वाक्यही पाठ असलेला क्वचित भेटतो. समोरचं ताट द्यावं पण बसायचा पाट देऊ नये, हे शहाणपण त्या घरात तिच्याजवळ होतं. कोणाशी जमेल, कोणाशी नाही, कधी उठून निघायचं, हे तिला आधी कळतं. मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो तेव्हा अपमान दोघांचा होतो, पण स्वगत त्याला आहे. ती मरून जाते आणि नाटक पुढे चालू राहतं. शिरवाडकरांबद्दल मनात अपार आदर ठेवूनच म्हणते, कावेरीला एक स्वगत हवं होतं.

एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त पडदा उघडतो तेव्हा तात्याजी आधीच गेलेले आहेत, अंगणात ट्रॅक्टर गंजतो आहे आणि दादी पुन्हा पुन्हा किती वाजले विचारते आहे. मला त्यातली प्रभा विसरता येत नाही. तिचं शिक्षण वडिलांनी अडवलं. आता भांडायचं कोणाशी? ज्याच्याशी भांडण होतं तो माणूस सुतक मागे ठेवून निघून गेला. आमच्या विदर्भातल्या वाड्यांतून अशा प्रभा होत्या. त्यांतल्या एकीने मला बाराखडी शिकवली, म्हणून इथे जास्त लिहीत नाही.

आणि ज्ञानरंजन यांची 'पिता', तीही राहूनच जाते. घरात पंखा आहे, बाप मात्र उकाड्यात बाहेर खाटेवर तळमळतो आणि मुलगा आतून ते ऐकतो. आमच्याकडे मे महिन्यात कूलर लावला की मामाजी गच्चीवर जातात, त्यामुळे ही कथा मला कोणी समजावून सांगावी लागत नाही. फक्त वाचताना एक विचार येतोच की गच्चीवर पाण्याचा तांब्या कोण नेऊन ठेवतं.

गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि'ला २०२२ मध्ये डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादासाठी आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं तेव्हा आमच्या विभागात पेढे वाटले होते. हिंदी शिकवणाऱ्यांच्या वाट्याला असा दिवस फार येत नाही. ते पुस्तक मी त्याच उन्हाळ्यात वाचलं आणि माझ्या मनातली ही सगळी बायकांची रांग तिथे येऊन पोचल्यासारखी वाटली. ऐंशी वर्षांची आई, नवरा गेलेला, मुलगा मोठा अधिकारी, घर भरलेलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपते. सगळ्यांकडे पाठ. ऊठ म्हणणारे थकतात, ती उठत नाही. मग कधीतरी उठते ती मुलाच्या घरातून निघून मुलीकडे राहायला जाते, आणि पुढे सरहद्द ओलांडून थेट पाकिस्तानात. आणि पार तिकडे गेल्यावर तिचं नाव कळतं, चंदा. तोवर ती 'माँ' होती.

ती पाठ फिरवणं मला आधी आजारपण वाटावं अशा पद्धतीने लिहिलं आहे, आणि वाचत गेलं की कळतं ती मधली जागा सोडते आहे. आता कोणाचा निरोप कोणाकडे नाही. गजाधरबाबूंच्या बायकोला हे जमलं नसतं, धनियाने केलं नसतं, आनंदाच्या आईला परवडलं नसतं. चंदाला पेन्शन आहे, मुलगी आहे, वेगळं घर आहे. नुसती हिंमत पुरत नाही, जायला दार लागतं.

मला पाठ फिरवायची नाही. मामाजी माझ्यावर लेकीसारखी माया करतात आणि पोरगं माझं आहे. मी एवढंच केलं की गेल्या रविवारी हे घरी असताना मुलाला व्हिडिओ कॉलवर घेतलं, फोन मामाजींच्या समोर बरणीला टेकवून ठेवला आणि म्हटलं, आता बोला एकमेकांशी. निरोप मी नेणार नाही. आणि माझं मत असं आहे की रस्त्याकडचा दोन एकराचा तुकडा विकावा, बाकी मामाजी आहेत तोवर हात लावू नये, आणि जे राहील त्याच्या सातबाऱ्यावर माझं नाव लागावं. मामाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मुलगा म्हणाला, "आई, सातबाऱ्याचं मध्येच काय?" ते मध्येच नाही, असं मी त्याला सांगितलं. अजून काही ठरलेलं नाही. मामाजी त्या दिवसापासून माझ्याशी जरा बेतानेच बोलतात, तरी काल त्यांनी स्वतः पुण्याला फोन लावून घेतला.

मला आता अशी एखादी मराठी कादंबरी वाचायची आहे जिच्यात पंचावन्न-साठीची बाई मधोमध आहे. एका बाजूला पंच्याऐंशीचे सासू-सासरे, दुसऱ्या बाजूला पुण्या-बंगळुरातली किंवा परदेशातली मुलं, आणि गोष्ट तिच्या तोंडून सांगितलेली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्ये शिकून शेती करणारा एकनाथ, त्याचा बाप, माहेरी निघून गेलेली बायको हे सगळं आमच्याच मातीतलं आहे, पण तिथेही मन आपण एकनाथचं वाचतो. मला आईचं हवं आहे. अशी कादंबरी मराठीत असेल आणि माझ्या हाती लागली नसेल तर कृपा करून नाव सांगा. दिवाळीच्या सुट्टीत वाचीन आणि वर्गात त्या बार्शीटाकळीच्या मुलीला देईन. ती यंदा शेवटच्या वर्षाला आहे, आणि तिच्या घरी लग्नाचं बघायला लागले आहेत.